पाणंदीतला पैरा

फोन ठेवून संयोगिता स्वयंपाकघरात आली आणि चुलीसमोरच्या पाटावर बसली. मीनाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, लेकीकडं एकदा पाहिलं आणि मगच विचारलं.

"येत न्हाईत न्हवं तुज्या मैत्रिणी?"

"न्हाई. एकीला कावीळ झालीया. दुसरी तिच्यासंगं दवाखान्यात थांबलीया."

दीड वर्ष अहमदाबादेत काढलं होतं संयोगितानं, पण दिवाळीला घरी आली की तिथली भाषा चपलांबरोबर दारातच राहायची आणि चौगुल्यांची पोरगी तेवढी आत यायची. ती नगररचनेचं शिकत होती. कोल्हापुरात इंजिनिअर झाली तेव्हा भावकीनं पेढे खाल्ले. आणखी दोन वर्षं शिकायला परमुलखात जाणार म्हटल्यावर त्याच भावकीनं तिच्या वडलांना, बाळासोंना, चार गोष्टी सुनावल्या. बाळासोंनी त्या ऐकून घेतल्या आणि पोरीला रेल्वेत बसवून आले. नगररचना म्हणजे काय असं कुणी विचारलं तर ते सांगत, "गाव वाढतंय ते कसं वाढावं, पाणी कुठनं जावं, पोरं शाळंला कुठनं जावीत, त्याचं शिक्षाण हाय." हे उत्तर संयोगितानंच त्यांना फोनवर पढवलं होतं.

आता शेवटचं वर्ष होतं, आणि प्रबंधाला तिनं घेतला होता आपलाच चौगुले मळा. तिच्या लहानपणी इथं ऊस, भात आणि विहीर एवढंच होतं. मग कोल्हापूर सरकत सरकत बांधापर्यंत आलं, भावकीनं गुंठ्यागुंठ्यानं जमिनी विकल्या, आणि शिक्षकांची, एसटीतल्या लोकांची, कारखान्यातल्या कामगारांची घरं उभी राहिली. सरकारी नकाशात मात्र अजून ऊसच डोलत होता. सर म्हणाले होते, दिवाळीनंतर येताना मळ्याचा आजचा नकाशा करून आण, घरन् घर आणि झाडन् झाड. नकाशा आला तर प्रबंध, नाही आला तर विषय रद्द आणि वर्ष वाया. दोन मैत्रिणी मोजमापाला येणार होत्या. त्यांच्या भरवशावर सगळं बेतलं होतं आणि सुट्टी तर संपत आलेली.

"एकटीनं न्हाई व्हायाचं?" मीनाबाईंनी विचारलं.

"टेपला दोन टोकं असत्यात, आई."

मोरीवर पाय धुणारे बाळासो तिथूनच म्हणाले, "मी धरतो की एक टोक."

"आबा, सगळा मळा हाय. आपण दोघं शिमग्यापातूर धरत बसू."

मीनाबाईंनी भाकरी चुलीच्या तोंडाशी शेकायला लावली. "पैरा सांगूया," त्या म्हणाल्या.

चौगुले मळ्यात मजुरीनं माणूस लावण्याआधी पैरा सांगायची रीत होती. आज तुमच्या शेतात माझा हात, उद्या माझ्या शेतात तुमचा. आदल्या संध्याकाळी घरची बाई दारोदार जाऊन एवढंच म्हणायची, "उद्या आमच्यात हाय." काम कुठलं, हे ती सांगत नसे आणि कुणी विचारत नसे. ज्याच्याकडं पैरा फिरतो त्या घरानं एक माणूस धाडायचा. भांडण असो की अबोला, पैरा चुकवायचा नाही. घरं सिमेंटची झाली, पोरं पुण्याला गेली, तरी जी काही शेती उरली होती ती अजून अशीच चालत होती.

"सुगी चाललीया," बाळासो आत येत म्हणाले. "लोकांची भातं कापायला आल्यात आणि आपण टेप धरायला बोलवायचं व्हय? पैरा शेताचा असतोय."

"पैरा माणसाचा असतोय. ह्या पावसाळ्यात तुमी कुणाच्यात राबला न्हाई असं घर दाखवा मला."

"एक हाय की."

"त्यांच्यातबी गेलतासा," मीनाबाई म्हणाल्या, आणि बाळासो टॉवेलानं तोंड पुसण्यात गढून गेले.

*

ते एक घर दादासोंचं. बाळासोंचे थोरले भाऊ. घरची पोरं त्यांना आण्णा म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, बाहेरगावी नोकरीला असलेल्या विश्वजितनं, गाडी घेतली, गाडी ठेवायला कंपाउंड बांधलं, आणि कंपाउंडाची भिंत पाणंदीत पुढं आली. ही पाणंद म्हणजे रस्त्यापासून विहिरीकडं जाणारी, दोन्ही भावांच्या मधली गाडीवाट. भिंत झाल्यापासून बाळासोंच्या उसाची ट्रॉली तिथून जाईना. ऊस डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणावा लागे. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अगदीच गरज पडली तर मध्ये तिसरा माणूस उभा करून "त्याला सांग" म्हणत.

दोघी जावांनी मात्र या अबोल्याला तोंडदेखलीच साथ दिली होती. दारात त्या एकमेकींकडं बघत नसत आणि पिठाच्या गिरणीत दळण होईपर्यंत सगळं बोलून घेत. म्हणून संध्याकाळी मीनाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून "आक्का, उद्या आमच्यात हाय" असं म्हणाल्या आणि वळून गेल्या, तेव्हा काम कशाचं आहे हे थोरल्या जाऊबाईंना, चिमणाबाईंना, दुपारी गिरणीतच कळलेलं होतं. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं नाही.

"भात कापायचं आसंल," दादासो म्हणाले. "मी न्हाई जाणार. आपल्या चुलत्याच्या कृष्णातला म्हण, आमच्या वाटणीचंबी काप."

"कृष्णात त्याच्या घरचा जाईल. आपल्यातनं तुमी."

"माझ्या पोटाला टाकं हाईत."

"सकाळी वैरणीचा भारा उचलताना न्हवतं ते."

दादासोंनी पान लावायला घेतलं. चिमणाबाई त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"आषाढात तुमी दवाखान्यात पडलतासा. विश्वजितला सुट्टी न्हवती. भाताचं रोप पिवळं पडाय लागलं. मी एका दारात गेले न्हाई पैरा सांगायला, कुठल्या तोंडानं जाऊ? आन् सकाळी बघते तर भावजी चिखलात उभं. शेजारच्या दोघांना घिऊन आलं हुतं. माझ्या हातचा चा पण घेतला न्हाई, भाकरी घरनं आणून बांधावर खाल्ली. पर सगळी लागण करून गेलं."

दादासोंना हे माहीत नव्हतं असं नाही. दवाखान्यातून आल्यावर काठी टेकत ते शेतावर गेले होते. बांधाच्या कोपऱ्यात, जिथं पैऱ्याचा माणूस सहसा हातचं राखून काम करतो, तिथंही रोप ओळीत लागलं होतं. ते बघून त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याचाच राग आला होता. चार महिने झाले, भावाला एक शब्द सांगितला नव्हता. आज सांगू, उद्या सांगू करत भाताला लोंब्याही येऊन गेल्या.

"इळ्याला धार हाय का बघ," ते म्हणाले.

*

सकाळी बाळासो दारात उभे होते आणि त्यांना घाम फुटला होता. रीतीप्रमाणं मीनाबाईंनी काम सांगितलं नव्हतं, त्यामुळं अख्खी भावकी विळे घेऊन आली होती. कुणी डोक्याला टॉवेल बांधलेला, कुणी फडक्यात भाकरी बांधून आणलेली. सगळ्यात पुढं कृष्णात, बाळासोंचा धाकटा चुलतभाऊ, ज्याच्या तोंडाला कधी विश्रांती नसे.

"बाळूतात्या, कुठल्या तुकड्यात जायाचं?"

बाळासोंनी लेकीकडं पाहिलं. संयोगिता हातात टेप, खुंट्या आणि जमिनीवर रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी घेऊन पुढं आली. तिनं कॉलेजात कितीदा तरी सगळ्या वर्गासमोर उभं राहून नकाशे समजावले होते, पण या लोकांसमोर तिनं आधी टेप या हातातून त्या हातात घेतला.

"भात न्हाई," ती म्हणाली. "माझं काम हाय. मळा मोजून कागदावर काढायचा हाय. मला माणसं पायजेत टेप धरायला. तुमची सुगी हाय, मला म्हाईत हाय. कुणाला जायाचं असंल तर राग न्हाई."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कृष्णातनं विळा उलटसुलट करून पाहिला.

"मग हे काय करू? परत घरी ठिवून येऊ?"

"नगं. बांधावर घाणेरीची झुडपं लई माजल्यात, पलीकडचं दिसत न्हाई. ती तोडा."

"झालं तर मग. काम ते काम," कृष्णात म्हणाला. "बाळूतात्या माझ्या उसाला पाणी पाजाय रात्री उठून आलते, तवा मी कुठं इचारलं कुठल्या नियमात बसतंय?" लोक हसले, आणि कुणीही परत गेलं नाही. बाळासोंनी मान फिरवून गोठ्याकडं बघायला सुरुवात केली, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि एवढ्या माणसांत ते पुसणं बरं दिसलं नसतं.

तेवढ्यात पाणंदीतून दादासो आले. खांद्यावर विळा, चाल सावकाश.

संयोगितानं खुंट्या मारायला घेतल्या होत्या. रस्त्यापासून विहिरीपर्यंत पाणंदीतून एक मूळ रेघ न्यायची आणि मळ्यातलं प्रत्येक घर त्या रेघेवरून मोजायचं, असा तिचा हिशेब. रेघ सरळ गेली असती. पण दादासोंच्या भिंतीच्या कोपऱ्याशी तिला वळण घ्यावं लागत होतं. कामाची सुरुवात नेमकी तिथं होती. फक्कीची पांढरी रेघ भिंतीपाशी येऊन थांबली.

"ही मोजणी हाय?" दादासोंनी विचारलं.

"नकाशा हाय, आण्णा. कॉलेजचा."

"कागदावर आलं म्हंजी सरकारात गेलं. आज तू काढणार, उद्या माझ्या दाराला नोटीस लागणार. ह्याच्यासाठी पैरा सांगितला व्हय मला?"

कृष्णात खोकला. "संयोगिता, तेवढं अंदाजानं काढ की. अहमदाबादहून कोण बघाय येतंय?"

आणि मग बाळासो बोलले. तीन वर्षं हा माणूस मळ्यातल्या प्रत्येक पारावर म्हणत होता, की एकदा कुणीतरी ती भिंत मोजा. आज टेप त्यांच्याच हातात होता.

"वगळ," ते लेकीला म्हणाले. "त्याला सांग, भिंतीला टेप लावत न्हाई म्हणावं. तुझं वर्ष जायाला नगं."

दादासोंनी चमकून भावाकडं पाहिलं.

"न्हाई वगळता येत, आबा," संयोगिता म्हणाली. "ह्या कोपऱ्यावर रेघ वळतीया. हितं खोटं लिवलं तर विहिरीपातूर सगळी घरं खोटी येत्यात." मग ती चुलत्यासमोर जाऊन उभी राहिली. "आण्णा, तुम्ही न्हाई म्हणाला तर मी हितंच थांबते. जबरदस्तीनं न्हाई मोजणार. मग नकाशा हुणार न्हाई, माझं वर्ष जाईल, तरी तुम्हाला बोल लावणार न्हाई. पर एक सांगते. माझ्या नकाशात कुणाचं नाव नसतं. भिंत असती, घर असतं, झाड असतं. सर म्हणत्यात, काय असावं ते मागनं. आधी जे हाय ते काढा."

"आणि चूक? चुकीला काय खूण हाय तुमच्यात?"

"चुकीला खूणच न्हाई, आण्णा."

दादासो भिंतीकडं बघत राहिले. ही पोरगी रांगायला लागली ती त्यांच्याच अंगणात. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती. आज ती एवढी शिकून समोर उभी होती आणि परवानगी मागत होती, जी न मागताही तिला टेप लावता आला असता. त्यांना विश्वजित आठवला, ज्यानं भिंत बांधताना कुणाला विचारलं नव्हतं. आणि त्याला न अडवणारे आपण. शेताचा तो कोपराही आठवला. पैऱ्याला येऊन काम अर्धं टाकून जाणारा माणूस मळ्यात अजून जन्मला नव्हता, आणि पहिला आपण व्हावं असं त्यांना वाटलं नाही.

त्यांनी विळा भिंतीवर ठेवला. "घाल टेप," ते म्हणाले.

पलीकडच्या कुंपणाशी बाळासोंनी टेपचं टोक धरलं, अलीकडं भिंतीला दादासोंनी लावलं. मध्ये टेप लोंबत होता.

"त्याला सांग, ताण म्हणून. ढिला पडलाय."

संयोगितानं सांगितलं. बाळासोंनी ताणला. दादासोंनी डोळे बारीक करून आकडा वाचला, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असा. संयोगितानं लिहून घेतला. तेवढ्यावर भागलं असतं. पण ते फाटक ढकलून आत गेले, चिमणाबाईंच्या शेवंतीची झाडं बाजूला केली आणि हातानं माती उकरायला लागले. खालून घडीव दगडाचं डोकं वर आलं.

"ह्यो आमच्या म्हाताऱ्यानं पुरल्याला हद्दीचा दगड," ते म्हणाले. "ह्याला खूण हाय का तुमच्यात?"

"ह्याला हाय, आण्णा."

"मग ह्योबी काढ. भिंत हाय तितं भिंत, दगड हाय तितं दगड."

संयोगितानं दगडाचं माप लिहून घेतलं. तिनं वाकून त्यांच्या मातीनं भरलेल्या पायांना हात लावला, आणि दादासो मागं सरकत म्हणाले, "ऊन चढतंय, कामाला लागा."

*

कामाला लागले ते सगळे दिवस मावळेपर्यंत. "लोकसहभाग" हा शब्द संयोगितानं परीक्षेत पानंच्या पानं भरून लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही मिळवले होते. लोक सहभागी झाले की काय होतं ते तिला आज कळत होतं. टेपची दोन्ही टोकं धरणारे दोघंजण तिसऱ्याच्या बांधावरून भांडत. पाण्याची टाकी कुणी बांधली यावर दोन मतं पडत. नव्या कॉलनीतले एक गुरुजी रस्ता रुंद होणार समजून आपल्या दारातली तुळस उचलून आत ठेवू लागले, तेव्हा कृष्णातनं त्यांची समजूत घातली आणि त्यांनाच दुसरा टेप धरायला उभं केलं. दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या एकत्र झाल्या. चिमणाबाई उघडपणे, चारचौघांसमोर, भाकरीसोबतच्या कोरड्यासाचं पातेलं घेऊन धाकट्या जावेच्या घराच्या पुढच्या सोप्यात आल्या आणि वाढायला बसल्या.

ही सगळी माणसं आपलं पिवळं झालेलं भात सोडून आली आहेत, हे संयोगिताला एक क्षणही विसरता येत नव्हतं. आपल्याला इथवर शिकवलं ते एकट्या आबांनी, असं तिला वाटत आलं होतं. मळ्यातल्या कुठल्या कुठल्या शेतात आबांनी गाळलेला घाम आज तिच्या कागदावर उतरत होता, आणि ज्यांनी तो लक्षात ठेवला त्या माणसांचे तिला मनापासून उपकार वाटत होते.

संध्याकाळी तिनं सोप्यात बाजेवर कागद पसरला आणि दिवसभराची मापं शिसपेन्सिलीनं जोडून दाखवली. प्रत्येकानं आधी आपलं घर शोधलं. कृष्णातला त्याचा गोठा लहान वाटला, त्यानं तक्रार केली.

"तुमचे सगळ्यांचे आभार कसे मानू कळंना," संयोगिता म्हणाली.

"आभार परक्याचं मानत्यात," मीनाबाई म्हणाल्या. "उद्यापासनं इळा घिऊन एकेकाच्या भातात उतर. जायाच्या आदी जमंल तेवढं फेड."

माणसं पांगली. दादासो मात्र अजून कागदाशी वाकून उभे होते. विहिरीपासून त्यांनी पाणंदीवर बोट फिरवत आणलं. भिंतीशी वाट एवढी बारीक झाली होती, की बोट दोन्ही बाजूंच्या रेघांवर चढलं. रोज डोळ्यांदेखत असलेली गोष्ट कागदावर त्यांना आज दिसली. त्यांनी बोट उचललं.

"तुज्या बाला इचार, ऊस कधी तुटतोय."

बाळासो खांबाला टेकून बसले होते, हाताच्या अंतरावर.

"आबा हितंच हाईत, आण्णा. तुम्हीच इचारा."

चिमणाबाई पातेलं घेऊन निघाल्या होत्या, त्या दारात थांबल्या.

"बाळू," दादासो म्हणाले. तीन वर्षं न घेतलेलं नाव तोंडात जड झालं होतं. "आषाढात आलतास. कोपरासुदिक सोडला न्हाईस. मी बघितलं हुतं. सांगायचं ऱ्हाऊन गेलतं."

बाळासो उठून उभे राहिले. "शेत काय परक्याचं हुतं व्हय," ते कसेबसे म्हणाले, आणि मग, "ऊसतोडीची टोळी पंधरवड्यात ईल."

"ट्रॉली आमच्या अंगणातनं काढ. म्होरलं फाटक हाय, मागं तारच हाय. तार मी उद्याच काढतो. गाडी विश्वजितला लावू दे बाहीर. भिंतीचं तो आला की तिघं बसून बघू."

बाळासोंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आता सगळ्यांना दिसत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

संयोगितानं पेन्सिल उचलली. "आण्णा, नकाशात तुटक रेघ असती. वाट कागदोपत्री न्हाई, पर माणसं वापरत्यात, तिच्यासाठी. तुमच्या अंगणातनं काढू का?"

"काढ की. इचारतीस काय?"

रस्त्याकडच्या फाटकापासून अंगणातून मागच्या तारेपर्यंत तिनं बारीक, तुटक रेघ काढली. दादासोंनी कागद डोळ्यांजवळ धरून ती पाहिली आणि परत तिच्यापुढं ठेवला.

"जरा रुंद काढ," ते म्हणाले. "उसाची ट्रॉली जायाची हाय तितनं."